भेट प्रत

जांभळा शिक्का नेमका किमतीवरच बसलेला... 'भेट प्रत – विक्रीसाठी नाही'. प्रकाशकाचा माणूस दर जूनमध्ये विद्यापीठात येऊन अशी पुस्तकं विभागात ठेवून जायचा, आणि त्यातलंच एक बरंसं निवडून संयोगिता आपल्या 'शेतीचं अर्थशास्त्र' या विषयाला लावायची; बारा वर्षं हेच चाललं होतं. आज तिने पुस्तक खिडकीपाशी तिरपं धरलं, तेव्हा शाईखालचा आकडा दिसला — आठशे पंच्याण्णव.

टेबलावर तिची विद्यार्थिनी साक्षी हिचा अर्ज होता. विषय बदलून मिळावा; कारण — वैयक्तिक. गगनबावड्याहून रोज एसटीने येणारी, भाताच्या दरावरून भर वर्गात हुज्जत घालणारी पोर. तिला जाऊ द्यायचं नव्हतं, काही झालं तरी. महिन्यापूर्वी हिनेच विचारलं होतं, "मॅडम, जुनी आवृत्ती चालंल न्हवं? न्हायतर झेरॉक्स?" आणि आपण म्हणालो होतो, आकडे बदललेत, नवंच घ्या... किती सहज! जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

अडखळायला हवी होती. कारण भाऊसो — तिचे वडील, पेठ वडगावच्या बाजारात जन्मभर हमाली केलेले — दुकानात पुस्तक हाती आलं की किंमत बघायला आधी पालथं करायचे. अक्षर लागायचं नाही त्यांना, आकडे लागायचे. ती कॉलेजात गेली त्या वर्षी महाद्वार रोडच्या दुकानात ते किती वेळ घासाघीस करत राहिले, "पोरगी हुशार हाय वो, जरा बघा की," आणि ती चार पावलं बाजूला सरकून काचेतली पेनं बघत उभी राहिली, जणू हा माणूस कुणाचा कोण... मेली ती लाज! त्यानंतर तिने पुस्तक कधी पालथं केलंच नाही. विसरली म्हणावं, तर तेही खोटं. तिला बघायचंच नव्हतं. भाऊसोंना जाऊनही आता आठ वर्षं झाली.

साक्षी सही न्यायला आली. "पुस्तकासाठी सोडत असशील तर ही माझी प्रत घे," संयोगिता घाईघाईने म्हणाली. "पुस्तकसुद्धा बदलू आपण."

"न्हाय मॅडम, ऱ्हाऊ दे. दुसऱ्या विषयाची पुस्तकं आणली बी." मग मुलगी हसली, समजूत काढावी तशी. "तुम्ही शिकवताय भारी. पर तुमच्यासारख्यांचा विषय हाय त्यो. आमाला न्हाय झेपायचा."

तुमच्यासारख्यांचा... अगं बाई, मी कुणाची मुलगी आहे ठाऊक आहे का तुला, माझे भाऊसो — पण ते नाव ओठांशी येऊन थबकलं. भर दुकानात ज्याला ओळख दिली नाही, त्याची ओळख आज कुठल्या तोंडाने सांगायची? साक्षी सहीची वाट बघत उभी होती. संयोगिताला फार एकटं वाटलं. जिथून ती उठून आली होती, तिथल्या माणसांनी तिला आता परकी मानलं होतं. त्या दिवशी दुकानात तिला नेमकं हेच तर हवं होतं.