पाच वाजताचे निरोप

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. शांत, गोड आवाजात आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. तसे माझ्याकडून आज होणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून पाद्रे आन्सेल्मो यांनी मला आपल्या जुन्या झग्यात गुंडाळून बोलिव्हियाच्या या डोंगरात आणले आणि चर्चच्या मागच्या खोलीत मिशनचे रेडिओ केंद्र सुरू केले. तेव्हा मी नवा होतो आणि गावाला मी अजिबात आवडलो नव्हतो. चर्चची घंटा वाजवणारे म्हातारबुवा तर उघड म्हणत, "देवाचा शब्द वेदीवरून सांगायचा असतो. तारेतून काय सांगताय?" मला त्यांचा फार राग येई. नव्या वस्तूला नावे ठेवणारे लोक मला तेव्हापासून आवडत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही मलाही त्यांच्यातच बसवाल.

पहिले दोन महिने पाद्रे आन्सेल्मो माझ्यासमोर नुसती प्रवचने देत. ती कोणी ऐकत नव्हते. मग एके दिवशी एक बाई खिडकीशी आली आणि म्हणाली, "पाद्रे, तुमचा आवाज डोंगरापलीकडं जातो म्हणे. माझ्या भावाला सांगा ना, त्याची हरवलेली गाय आमच्याकडं आलीय." पाद्रेंनी प्रवचनाच्या शेवटी गाईचा निरोप वाचला. दुसऱ्या दिवशी भाऊ हजर! त्यानंतर वाडीवाडीत रेडिओ आले. प्रवचन ऐकायला लोक गाईच्या निमित्ताने बसले, पण बसले. पाद्रे हसून म्हणत, "येशू चार घरांच्या वस्तीतसुद्धा पायी जायचा. आपण निदान आवाज तरी पाठवू."

तेव्हापासून पहाटे पाचला आमचा निरोपांचा तास सुरू झाला. तो वाचायचे काम दोन्या कासिमिरांकडे आले. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला 'दोन्या' म्हणतात. कासिमिरा गालात कोकाची पाने धरून, जांभळ्या मक्याच्या गरम आपीचा पेला शेजारी ठेवून वाचायला बसत. कोणाला मुलगा झाला, कोणाचे खेचर आजारी आहे, कोणी कोणत्या दिवशी येणार आहे. एकतीस वर्षांत त्यांनी एकही पहाट चुकवली नाही. डोंगरातल्या लोकांनी त्यावरून एक रीतच पाडली होती. आपल्या नावाचा निरोप आला नाही, तर आपले माणूस सुखरूप आहे असे समजायचे आणि कामाला लागायचे.

पाद्रे आन्सेल्मो वारले. दोन वर्षांपूर्वी पाद्रे विल्मर आले. माणूस वाईट नाही, मित्रांनो. तो वाईट असता तर माझे काम सोपे झाले असते. विल्मर तरुण होते, कष्टाळू होते, रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करत: आजच्या जगात ख्रिस्ताचा निरोप कसा पोहोचवायचा? त्यांनी एक गोल दिवा आणला, मोबाइलसाठी तीन पायांचा स्टँड आणला आणि मिशनचे पान इंटरनेटवर सुरू केले. स्पेनमध्ये आणि अर्जेंटिनात कामाला गेलेली आमची माणसे तिथे चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, बघून रडत. ते पाहून मलाही बरे वाटे.

पण एका रविवारी, मोठ्या गावाहून येणाऱ्या पाहुण्यांना नवी व्यवस्था दाखवायची म्हणून, पाद्रेंनी डोंगरात मोबाइलचा टॉवर येण्याच्या कितीतरी आधीच निरोपांचा तास बंद केला. पहाटे पाचला संगणक आपोआप भक्तिगीते लावील आणि निरोप पानावर टाकले जातील, असे त्यांनी ठरवले.

"मिशन आता लोकांच्या खिशात पाहिजे, दोन्या," ते म्हणाले.

"वर कोल्पानीच्या वाडीत खिसे आहेत, पाद्रे. सिग्नल नाही," कासिमिरा म्हणाल्या.

"टॉवर येणारे."

"ख्रिस्तही पुन्हा येणारे. तोवर पहाटे पाचला कोण बोलणार?"

पाद्रे मोठ्याने हसले. मग त्यांनी माझी वायर उपसली, मला टेबलाच्या खणात ठेवले आणि तो खण कुलूपबंद केला. माझे दुर्दैव असे की मला सगळे ऐकू येते, पण दुसऱ्याच्या तोंडाशिवाय बोलता येत नाही.

याच्या आदल्याच दिवशी कोल्पानीचा तोरिबियो खिडकीशी येऊन गेला होता. त्याची बायको बासिलिया गावातल्या दवाखान्यात होती. वर लामांच्या, म्हणजे इकडच्या लोकरीच्या जनावरांच्या, कळपाजवळ कोणी नव्हते, म्हणून त्याला परतावे लागत होते. "दोन्या, मी रोज कान लावून बसेन," तो म्हणाला होता. "बोलावलंत तर धावत येईन. काही बोलला नाहीत, तर समजेन की बरी आहे."

बुधवारी दवाखान्यातून चिठ्ठी आली. बासिलियाचा ताप चढला होता आणि ती नवऱ्याला बोलवत होती.

कासिमिरा चिठ्ठी घेऊन धावत आल्या. "पाद्रे, खण उघडा. एकच निरोप वाचते."

"मी टाकलाय ना पानावर! तिचा फोटो टाकलाय, मेणबत्ती लावलीय. हे बघा, तीनशे चाळीस जणांनी आमेन लिहिलंय!"

"त्यात तोरिबियो आहे का?"

"कोणीतरी सांगेल त्याला."

"कोण सांगणार? माद्रिदवाले चालत जाणारेत का कोल्पानीला?"

"दोन्या, एकदा जुनं उघडलं की नवं कधीच रुजत नाही. थोडा धीर धरा. आपण सगळे प्रार्थना करतोय."

पाद्रे खरोखर प्रार्थना करत होते. मी खणात नुसता जळत होतो. अहो, प्रार्थना करा, हजारदा करा, पण हातभर अंतरावर मी पडलोय त्याचे काय? कासिमिरांनी एका ट्रकवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली. ट्रक नदीपर्यंतच जातो. पुढे एका दिवसाची चढण आहे आणि त्या वाटेने जाणारे कोणी भेटले नाही.

शुक्रवारी पहाटे बासिलिया गेली. कासिमिरा तिच्या उशाशी होत्या. "निघाला का तो?" एवढेच ती शेवटपर्यंत विचारत होती, असे त्यांनी टेबलापाशी येऊन सांगितले आणि रडत बसल्या. वर कोल्पानीत त्या वेळी आमचे केंद्र भक्तिगीत ऐकवत होते.

रविवारी तोरिबियो खाली उतरला. बायकोसाठी चीज आणि उकडलेले चुन्यो बटाटे घेऊन तो आधी दवाखान्यात गेला, मग आमच्याकडे आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

"रेडिओ रोज लावला होता," तो म्हणाला. "गाणी चालू होती. म्हणून मी सावकाश आलो. वाटेत चीजसाठी थांबलो."

पाद्रे विल्मर खाली बसले. "मला क्षमा कर," ते म्हणाले.

"क्षमा देवाकडं मागा, पाद्रे. मी काय, लामा राखणारा माणूस." मग त्याने पोंचोखालून आपला छोटा रेडिओ काढला आणि टेबलावर ठेवला. "हा तुमच्याकडंच राहू दे. मला आता कोणाचा निरोप यायचा राहिला नाही."

त्याच दिवशी खणाचे कुलूप उघडले. पाद्रेंनी मला स्वतःच पुन्हा जोडले. सोमवारी पहाटे पाचला त्यांनी स्वतः, डोंगरातल्या लोकांच्या क्वेचुआ भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत, काय झाले ते सगळ्या डोंगराला सांगितले. बैल गेला आणि झोपा केला! कासिमिरांनी त्यांना हाताने बाजूला सरकवले आणि पहिली चिठ्ठी उचलली. आता तास पुन्हा चालू आहे आणि पानही चालू आहे. निरोप दोन्हीकडे जातात. हे पहिल्याच रविवारी करता आले नसते का?

मित्रांनो, नवे जरूर आणा. मीही कधीतरी नवाच होतो. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही, माझ्यावरची धूळ मी सोसेन. पण कोणाचे काही बंद करण्याआधी, एक दिवस चढण चढून जा आणि पलीकडे कोण कान लावून बसले आहे ते आपल्या डोळ्यांनी बघून या.