घासून गेलेला नंबर

कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे बघू नका. मीच बोलतेय, ही समोर उभी असलेली गाडी. आणि आधी तो बॉनेटवरचा हात काढा. आत्ताच काहीतरी तेलकट खाऊन आलायत तुम्ही. पाच बोटांचे पाच ठसे उमटलेत तिथे. शी.

शेजारीपाजारी मला ठिगळी म्हणतात. नावात खोटं काही नाही. माझी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, एका लाँड्रीच्या व्हॅनची. इंजीन एका डॉक्टरच्या मोटारीचं, त्याला पहाटे उठायची सवय आणि उठल्याउठल्या खोकायचीही. पुढचं तोंड आणि दिवे लग्नाला भाड्याने जाणाऱ्या एका लांबलचक गाडीचे. त्यांना अजून वाटतं की सगळं गाव आपल्याकडेच बघतंय. आणि मागचा भाग मासळीवाल्याच्या टेम्पोचा. तो वास कधीच गेला असं सगळे म्हणतात. गेलेला नाही. जरा ऊन तापलं की येतो परत. मग माझंच तोंड माझ्याच पाठीला नाक मुरडतं. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते एखाद्या जुळवलेल्या गाडीला विचारावं.

मला जुळवलं या घरातल्या आजोबांनी. त्यांचा जन्म कारखान्याच्या पॉलिश खात्यात गेला. नोकरी संपली आणि त्यांना चकाकवायला काही उरलं नाही, तेव्हा ते भंगारवाल्याकडे जाऊन बसू लागले. तिथून एकेक तुकडा हातगाडीवर घालून आणायचे आणि घरामागच्या शेडमध्ये एकमेकांना जोडायचे. आजी तेव्हा होत्या. त्या दारातून म्हणायच्या, "आणलं का आज पुन्हा कुणाचं तरी हाडूक?"

माणसांचा मला एकूणच वीट आहे. तरी आजोबांचं आणि माझं पटायचं, कारण घाण त्यांनाही बघवत नाही. डाग दिसला की घासायचा, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. चष्मा डोक्यावर, फडकं हातात. गंज घासला, रंगाचे थर घासले, मग नुसतं लोखंड घासत बसले. त्या फडक्याखाली मला किती बरं वाटायचं, ते आता सांगायची लाज वाटते. पुढचं सगळं रामायण त्या फडक्यानेच घडवलं.

मी तयार झाले, पण फाटकाबाहेर कधी गेले नाही, कारण कागद नव्हते. कागद नसलेली गाडी म्हणजे अंगणातलं कपाट. तसंच वागवलं मला सगळ्यांनी. आजोबांच्या मुलाने माझ्यात जुने बूट ठेवले. शेजारच्या बोक्याने माझं मागचं चाक स्वतःच्या नावावर करून घेतलं, रोज सकाळी न चुकता. कुणीतरी सीटखाली च्युइंगगम चिकटवलं, ते उन्हाळ्यात पाघळतं. आणि पाहुणे आले की माझ्या अंगावरून हात फिरवत एकच प्रश्न विचारायचे, "अस्सल आहे का?" विचारताना दुसऱ्या हाताने कान कोरायचे. मग तोच हात माझ्या दाराला.

मग घरात बाळ आलं. मुलगी. तिला सगळे गुंडी म्हणतात. तिला बघायला आलेल्या प्रत्येकाने तिची वाटणी केली. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, हनुवटी आईकडची; कान कुणाचे यावर तर दोन बायकांचं वाजलं. म्हणजे पोरगी माझ्यासारखीच जुळवलेली. पण तिला अस्सल आहे का, असं कुणी विचारलं नाही.

गुंडीची आई, म्हणजे आजोबांची सून, माझ्यात येऊन बसू लागली. घरात सल्ल्यांची एवढी गर्दी की तिला श्वास घ्यायला माझी मागची सीटच तेवढी मोकळी सापडायची. दार ओढून घ्यायची, बाळाला पाजायची आणि माझ्याशी बोलायची. ताप नसताना आपण तीनदा ताप बघितला, हे मला सांगायची. झोपलेल्या पोरीचा श्वास चालू आहे का ते बघायला तिला उठवलं आणि आता ती झोपत नाही, हेही. "शिकलेली आहे म्हणे मी," असं म्हणून स्वतःशीच हसायची. बाळ दूध ओकायचं ते थेट माझ्या सीटच्या शिवणीत. आंबूस, चिकट. मासळीचा वास त्यापुढे अत्तर. मी काय करणार? कपाट.

त्याच सुमारास ते घर सोडायचं ठरलं. नव्या जागी गाडी ठेवायला सोय होती, पण बिनकागदाची गाडी फाटकाच्या आत घ्यायची नाही, असा तिथला नियम. कागद झाले तर मी त्यांच्याबरोबर जाणार. नाही झाले तर भंगारवाला येणार. ज्याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी आले, त्याच्याकडेच अखंड परत.

आजोबांनी नोंदणीच्या कचेरीत अर्ज केला. लाँड्रीची व्हॅन मोडीत काढल्याचा जुना दाखला त्यांनी जपून ठेवला होता. त्यावरचा नंबर आणि माझ्या चासीवर ठोकलेला नंबर जुळला की पासिंग झालंच समजा, असं ते ज्याला त्याला सांगत होते. गुंडीला मांडीवर घेऊन एकदा तरी मोठ्या रस्त्याने जायचं, एवढीच त्यांची इच्छा. आजी माझ्यात एकदाही न बसता गेल्या, हे ते बोलायचे नाहीत.

निरीक्षक घरी आले. मी रस्त्यावर जाऊ शकत नव्हते, म्हणून तेच आले. गुडघ्यावर बसले, बॅटरी लावली आणि चासीवर नंबर शोधू लागले. तिथे त्यांना त्यांचाच चेहरा दिसला. मिशीसकट, स्वच्छ.

"नंबर कुठंय इथला?"

"तिथे फार खड्डे होते हो," आजोबा कौतुकाने म्हणाले. "महिनाभर घासत होतो. आता बघा, भांग पाडता येईल."

ते खड्डे नव्हते. तो नंबर होता. माझी एकमेव ओळख या भल्या गृहस्थाने डाग समजून घासून टाकली होती, तीही चष्मा डोक्यावर ठेवून.

निरीक्षक उठले, हात झटकले आणि थंडपणे म्हणाले की नंबर घासतात ते चोर घासतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. समाधानकारक पुरावा दाखवा, नाहीतर गाडी जप्त करावी लागेल आणि चौकशी होईल ती वेगळीच. आजोबांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. चोर हा शब्द त्यांना त्या वयात पहिल्यांदा कुणी लावला होता.

मग मुलाने एजंट आणला. नोंदणीच्या कचेरीबाहेर उभा असतो ना, तसा. माणूस गोड. तोंडाला शिळ्या सिगारेटचा वास, बोटं पिवळी, आणि प्रत्येक वाक्याला "काका". त्याच्याकडे एका जुन्या, अस्सल गाडीचे कागद होते. ती गाडी दरीत कोसळून संपली होती, कागद जिवंत होते. तिचा नंबर माझ्या चासीवर ठोकायचा, वरून जरा गंज आणायचा. मग मी ठिगळी नाही, मी ती. वर्ष जुनं, घराणं मोठं, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत.

त्याने त्या पिवळ्या बोटांनी माझ्या चासीवर खडूने तो नंबर लिहून दाखवला. मेलेल्या बाईचं लुगडं अंगावर टाकावं, तसं मला झालं. मासळीचा वास चालेल, ओकारी चालेल, बोका चालेल. हे नको.

मुलगा तयार झाला. वाईट नाही तो. वडलांवरचा आळ जावा आणि गाडी राहावी, एवढंच त्याला दिसत होतं. आजोबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सून मात्र जेवता जेवता म्हणाली, "गुंडी बसणार आहे त्यात."

"अगं, कागदच बदलतोय आपण. गाडी तीच."

"मग बाबांनी बांधलेली गाडी कुठे गेली म्हणायचं? दरीत?"

हे सगळं तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं आणि वर विचारलं, "मी उगाच खुसपट काढतेय का गं?" माझ्याकडे हॉर्न होता, पण वाजत नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी एजंट हातोडी आणि आकड्यांचे ठसे घेऊन हजर झाला. निरीक्षक यायच्या आत काम उरकायचं होतं. बघतो तर मी रिकामी नव्हते. सून मागच्या सीटवर, काचांना ओढण्या अडकवलेल्या, मांडीवर बाळ. आतून आवाज आला, "बाळाला पाजतेय. थांबा जरा."

एजंट पाठ करून उभा राहिला. नवरा शेडबाहेर घुटमळला. आजोबा तर अंगणाच्या पार टोकाला जाऊन कुंड्या बघू लागले. मधेच कुणीतरी खाकरलं की आतून "अजून पितेय" असं यायचं. गुंडीचं पोट केव्हाच भरलं होतं, ती आरामात झोपली होती. एवढा वेळ कुठलं बाळ पीत नाही, हे त्या तीन पुरुषांतल्या एकालाही माहीत नव्हतं. सूनबाई मात्र टाचेने एकेक मिनिट मोजत होती. माझ्या तळाला कळत होतं ते. फाटकात निरीक्षकांची मोटारसायकल थांबली, तेव्हा एजंटने पिशवी बगलेत मारली आणि तो मागच्या मागे सटकला. जाताना माझ्या चाकाजवळ थुंकला. तेही माझ्याच नशिबात.

सून उतरली. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्या हातात जाडजूड पिशवी. तिने पिशवी माझ्या बॉनेटवर रिकामी केली आणि या वेळी मी नाक मुरडलं नाही. दूध मोजायचं भांडं निघालं, त्यावरच्या मापाच्या रेघा गायब. शेगडीची बटणं निघाली, त्यावरचे आकडे गायब. वजनकाट्याची वजनं निघाली, सगळी सारखीच मुकी. शेवटी एक पितळी कप निघाला, आरशासारखा.

"साहेब," ती म्हणाली, "आमच्या घरात काहीच टिकत नाही लिहिलेलं. दूध मी अंदाजाने मोजते. हा कप बाबांना कारखान्यातून मिळाला होता. बाबा, यावर काय होतं?"

आजोबा जवळ आले. कप उलटासुलटा करून बघितला, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा बघितला.

"माझं नाव होतं," ते म्हणाले. "खात्यातल्या स्वच्छतेसाठी दिला होता."

निरीक्षक हसले नाहीत. कप त्यांनी बराच वेळ हातात ठेवला. स्वतःचं नाव पुसणारा माणूस दुसऱ्याचा नंबर चोरायला कशाला जाईल, असं काहीसं ते पुटपुटले. मग त्यांनी मोटारसायकलच्या पेटीतून एक बाटली आणली. ठोकलेला आकडा वरून घासला तरी खाली लोखंड दबलेलं राहतं, औषध लावलं तर कधीकधी वर येतं. कधीकधी नाही, असं त्यांनी सांगितलं.

ते औषध म्हणजे तेजाब. काय त्याचा वास, काय त्याची आग. माझ्या आरशासारख्या कातडीवर करडा, बुळबुळीत डाग पसरला आणि फेसाळला. आजोबांचा हात नकळत फडक्याकडे गेला. सुनेने तो धरून ठेवला. आणि त्या घाणीतून, गढूळ पाण्यातून गाळ वर यावा तसे, आकडे वर आले. सगळे नाहीत. पण आले तेवढे दाखल्याशी जुळले.

मिरवणूक मात्र हुकली. जुळवलेली गाडी ही जुळवलेली म्हणूनच नोंदवणार, असं निरीक्षकांनी स्पष्ट सांगितलं. नवा नंबर कचेरी ठोकेल, आणि बांधणीचं वर्ष लागेल ते यंदाचं. मुलाचा चेहरा पडला. माझं लोखंड त्याच्या दुप्पट वयाचं, आणि कागदावर मी गुंडीएवढी.

"बनवणारा कोण लिहू?" निरीक्षकांनी विचारलं.

मुलगा व्हॅनच्या कंपनीचं नाव सांगू लागला. ते म्हणाले, कंपनी नको, ही कुणी बनवली ते सांगा. सगळे आजोबांकडे बघू लागले. आजोबांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडलांच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं. मग निरीक्षकांच्या खांद्यावरून वाकून ते बरोबर लिहिलंय का ते बघितलं. चष्मा लावून.

तर आता मी नव्या जागी उभी असते. मोठ्या रस्त्याने जाऊन आले. गुंडी आजोबांच्या मांडीवर होती आणि पहिल्याच वळणावर तिने जे ओकायचं ते ओकलं. इथेही बोका आहे, वेगळा, पण चाक तेच. तुमच्यासारखे येणारे-जाणारे आहेत आणि त्यांचे हात आहेत. माणूस या प्राण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

एक मात्र मागते. खाली वाकलात तर चासीवर एका जागी काळं, चिकट ग्रीस थापलेलं दिसेल. त्यात धूळ बसलीय, केस अडकलेत, एक मुंगी मरून पडलीय. नवा नंबर त्याच्या खाली आहे. सुनेने मुद्दाम थापलंय ते, गंज लागू नये म्हणून आणि आजोबांच्या फडक्यापासून नंबर वाचावा म्हणून. ते रोज फडकं घेऊन येतात, सगळीकडे फिरवतात, तिथे आले की तोंड वाकडं करतात, खाली काय आहे ते आठवतात आणि हात मागे घेतात.

माझ्या अंगावरची सगळ्यात गलिच्छ जागा आहे ती. मला बघवत नाही. पण कुणी पुसू नका.