सात नावं आणि चार बाण

मित्रांनो, मी महामार्गावरून खाली उतरवलेला एक जुना दिशाफलक आहे. तीन खोल्यांच्या घराइतकी माझी लांबी. माझ्यावरचं एकही अक्षर खोटं नव्हतं, तरी अकरा वर्षं मी माणसांना फसवत उभा राहिलो. ते आठवलं की मला माझीच किळस येते.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्यावर अक्षरं चिकटवणाऱ्या बाई कामाला फार चोख होत्या. नकाशा हातात पडताच त्या म्हणाल्या, "साहेब, एका पाटीवर सात गावांची नावं? भरधाव गाडीतला माणूस दोन वाचेल. फार तर तीन."

"तुम्ही चिकटवा बाई," साहेब म्हणाले. "वाचायचं काम वाचणाऱ्यांचं."

बाईंनी चिकटवली. एक बुडबुडा राहू दिला नाही, आणि शेवटी बाहीने माझं तोंड पुसलं. माझ्या वाट्याला आलेली माया म्हणाल तर तेवढीच.

मला उभं केलं ते एका फाट्यावर. त्या फाट्याची रचना ऐका. या रस्त्यावर प्रत्येक गावाला जायला डावीकडून बाहेर पडायचं असतं. इथे मात्र शहर डावीकडे दिसत असूनही उजवी लेन धरायची. ती पुलावरून वळसा घालून डावीकडे जाते. आणि नेमक्या त्याच ठिकाणी उजव्या बाजूने बंदराचे ट्रक रस्त्यात घुसतात. त्यांना जायचं असतं डावीकडे. म्हणजे गाड्या उजवीकडे धावणार, ट्रक डावीकडे, आणि दोघांना जागा किती? जेमतेम शंभर-सव्वाशे पावलं!

मी खरं तर दीड-दोन किलोमीटर आधी हवा होतो. पण फाट्याजवळ एक जुना पाया तयार होता, म्हणून मला तिथेच रोवलं. माझ्या चार बाणांपैकी शहराचा बाण तर बरोबर दोन लेनच्या मधल्या रेषेवर आला. उद्घाटनाला आलेले पाहुणे मान वर करून म्हणाले, "वा! काय भव्य पाटी आहे!" त्यातल्या एकानेही ती वाचली नाही.

मग सुरू झालं रोजचंच. करकचून ब्रेक, हॉर्न, शिव्या. कोणी ऐनवेळी आडवं घुसे, कोणी फाट्याच्या तोंडाशी गाडी थांबवून चक्क मागे घेई. दर महिन्याला काच फुटायची. साहेब लोक आले आणि त्यांनी 'सावकाश जा' अशी पाटी लावली. पुढच्या वर्षी 'अपघातप्रवण क्षेत्र' अशी दुसरी लावली. मित्रांनो, घरात साप शिरला तर त्याला हाकलायचं, की दारावर 'आत साप आहे' असं लिहून निघून जायचं? त्या दोन पाट्यांच्या शेजारी उभं राहायची मला शिसारी येई.

मोडलेल्या गाड्या उचलायला क्रेनवाले मामा येत. ते कोणाचे सख्खे मामा होते कोण जाणे, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांना फोनवर जागा सांगावी लागत नसे. "कळलं, आलो," एवढंच म्हणत.

एका लख्ख दुपारी एक छोटी गाडी आली. आत एक ताई होत्या, टपाल वाटणाऱ्या. त्यांच्या भाचीला शहरात मुलगी झाली होती आणि त्या तिला बघायला पहिल्यांदाच या रस्त्याने निघाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे माझ्यावरून सरकताना मला दिसले. डावीकडे शहर, बाण रेषेवर, नावं सात! त्या क्षणभर अडखळल्या, मग उजवीकडे वळल्या. त्याच वेळी ट्रक डावीकडे आला.

आवाज मी सांगणार नाही. मामा आले तेव्हा ताईंना रुग्णवाहिकेत घातलं होतं, आणि रस्ताभर बोटभर बाह्यांची झबली पसरली होती. मामांनी एकेक झबलं वेचलं, झटकलं, घडी घातली. अकरा वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच खाली बसलेलं पाहिलं.

चार दिवसांनी झबली शिवणारा माणूस आला. ते ताईंचे धाकटे भाऊ, शिंपीदादा. मामांनी त्यांच्या हातात झबल्यांची पिशवी दिली.

"ताई कशी आहे?" मामांनी विचारलं.

"जगली. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय. आता काठी सुटायची नाही म्हणतात."

"रस्तेवाल्यांच्या ऑफिसात गेला होतास?"

"गेलो. म्हणाले, तुमच्या बहिणीने पाटी नीट वाचली नाही." शिंपीदादांचा आवाज चिरकला. "मामा, तीस वर्षं ती लोकांचे पत्ते वाचतेय! अहो, सदरा अंगात बसला नाही तर आम्ही माप परत घेतो. गिऱ्हाइकाचं अंग चुकलं, असं नाही म्हणत!"

मग त्यांनी खिशातून टेप काढला आणि कठड्याच्या पलीकडून माझ्या खांबापासून फाट्यापर्यंत मोजत गेले. पुढचे आठ दिवस ते तिथेच बसले. कोणी आडवं घुसलं की कापडाच्या तुकड्यावर खडूने एक रेघ. कापड भरलं की दुसरं. मामा त्यांच्या शेजारी बसून ट्रक मोजू लागले.

नवव्या दिवशी ती कापडं बघायला ऑफिसातल्या नवीन इंजिनीअर बाई आल्या. "कागदावर तर हा फाटा अगदी सरळ दिसतो," त्या म्हणाल्या.

"कागदावर तुम्ही वरून बघता," मामा म्हणाले. "गाडीतून समोरच्या ट्रकची पाठ दिसते. चालवून बघा ना!"

बाईंनी स्वतः गाडी चालवली. पहिल्यांदा फाटा चुकला. वळसा घालून परत आल्या, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा ट्रक इतका जवळून गेला की त्यांनी कडेला गाडी थांबवली, उतरल्या आणि कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"मला पाठ होता हो," त्या म्हणाल्या. "नकाशा पाठ होता."

त्यांना ऑफिसात किती भांडावं लागलं, ते मी फक्त मामांच्या तोंडून ऐकलं. पण सात महिन्यांनी ट्रकांचा रस्ता फाट्याच्या पुढे नेऊन जोडला. शहराच्या लेनवर दोन किलोमीटर आधीपासून रंगीत पट्टा मारला. नवे फलक आले, प्रत्येकावर दोनच नावं. आणि मला उतरवलं.

त्या दिवशी ताई आल्या होत्या, काठी टेकत, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. मी रस्त्याकडेला कठड्याला टेकून उभा होतो. कामगार मला ट्रकवर चढवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा जरा. एकदा वाचू द्या मला."

त्या वाचू लागल्या. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. बाण कुठल्या नावाचा, ते बोटाने लावून पाहिलं. मध्ये चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोणी घाई केली नाही. सातवं नाव वाचून झाल्यावर त्या भावाला म्हणाल्या, "उभं राहूनसुद्धा एवढा वेळ लागतो रे."

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यापैकी कोणी रस्ते आखेल, कोणी पाट्या लिहील. आखलेल्या रस्त्यावरून आधी स्वतः जा, अनोळखी माणसासारखे. आणि गाडी चालवताना फाटा चुकलाच, तर पुढे जा, लांबचा वळसा घ्या. मागे येऊ नका. उशीर झालेल्या माणसाची वाट बघता येते.