दोन डाव्या बाह्या

दुसऱ्या गावाच्या बसथांब्यावर पोस्टमनने सवयीने बाकावरचं दव रुमालाने पुसलं आणि टेलरसाठी जागा केली. दर हिवाळ्यात तिघे मित्र नदीकाठाने चालायला निघत, आणि दर हिवाळ्यात टेलर इथून बस पकडून घरी परते. त्याचा गुडघा बरोबर इथेच दुखायला लागे. पहिल्या गावात नाही, मधल्या चढावर नाही, इथेच.

"बसा महाराज," सायकलवाला म्हणाला. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान टेलरच्या दुकानाला लागूनच होतं, त्यामुळे टिंगल करायचा हक्क त्याला आपोआप मिळाला होता. "गुडघेबुवांना आमचा नमस्कार सांगा."

"आज येतो पुढे," टेलर म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोस्टमनने रुमाल झटकून खिशात कोंबला आणि काही न विचारता चालू लागला. टेलरची बायको जाऊन चार महिने झाले होते. हल्ली त्याला कुणी फारसं काही विचारत नसे.

धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. टेलर हातातली पिशवी सारखी या हातातून त्या हातात घेत होता. शेवटी त्याचं त्यालाच राहवेना.

"तिसऱ्या गावातल्या नावाड्याकडे जायचंय मला. बावीस वर्षांपूर्वी त्याने कोटाचं कापड दिलं होतं. मुलीच्या लग्नात घालायला. भावाने परदेशातून पाठवलेलं."

"उंदरांनी खाल्लं ते?" सायकलवाला म्हणाला. "अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"उंदरांनी नाही खाल्लं. मी वाया घालवलं."

कापड जेमतेम होतं, म्हणून घडी घालून दोन्ही बाह्या एकदम न कापता त्याने त्या एकेक करून बेतल्या होत्या, आणि दुसऱ्या खेपेला कागदाचा नमुना उलटायचा राहून गेला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक, आणि ती केली कुणी, तर ज्याच्या हातच्या कोटासाठी तीन गावांची माणसं महिना महिना थांबत त्याने. तसलं कापड इथे कुठेच मिळणार नव्हतं. त्याने तुकडे ट्रंकेच्या तळाशी दडवले आणि नावाड्याला सरळ थाप मारली. नावाडी मुलीच्या लग्नात जुन्या स्वेटरवर वावरला. तेव्हापासून टेलरला त्या गावात पाऊल टाकायची लाज वाटायची.

"बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "आता तिला सांगायचं राहूनच गेलं. निदान त्याला तरी सांगतो."

"दोन्ही डाव्या?" सायकलवाल्याला हसू फुटत होतं. पोस्टमनने डोळे वटारले तेव्हा त्याने ते गिळलं.

तिसऱ्या गावात नावाडी काठावर पालथ्या घातलेल्या होडीच्या फटी डांबराने बुजवत होता. टेलरने पिशवी उघडली आणि दोन्ही बाह्या होडीच्या कोरड्या बाजूवर शेजारी शेजारी मांडल्या. त्याच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम आला होता.

"हे तुमचं कापड. उंदीरबिंदीर काही नव्हते. मीच चुकलो आणि वर खोटं बोललो. काय बोलायचं ते बोला."

नावाड्याने हात फडक्याला पुसले, तरी बाह्यांना लावले नाहीत.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "वहिनी आल्या होत्या."

"कोण वहिनी?"

"तुमच्या घरच्या. लग्नाच्या चार दिवस आधी. एकट्याच, चालत. म्हणाल्या, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्यात आणि हा माणूस दोन दिवस धड जेवला नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण त्यांच्यासमोर उंदरांचंच खरं धरा." नावाडी ओशाळं हसला. "शब्द दिला होता त्यांना. त्या गेल्याचं कळलं, म्हणून आज बोललो."

टेलरला एकदम आठवलं. त्याच आठवड्यात तिने कुठूनशी एक मांजर आणून दुकानात सोडली होती. उंदीर झालेत ना, असं अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली होती. ती मांजर नऊ वर्षं कापड बेतायच्या टेबलाखाली झोपली, आणि नऊ वर्षांत तिने एकही उंदीर धरलेला त्याने पाहिला नव्हता.

सायकलवाल्याने घसा खाकरला. "चला, मोकळा झालास एकदाचा. निघायचं?"

"तुम्ही व्हा पुढे," टेलर म्हणाला आणि तिथल्याच एका ओंडक्यावर बसला. मघाची शरम त्याच्या ध्यानातही नव्हती.

"चालत आली म्हणालात. कुठल्या वाटेने? बसली कुठे? आणखी काय काय म्हणाली?"

"बावीस वर्षं झाली हो, टेलर."

"असू दे. आठवेल तसं सांगा."

नावाड्याने डांबराचा डबा बाजूला सारला.