पाणी एकीचं, शब्द दुसरीचे

वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन पाद्री कायतान दफनभूमीच्या कुंपणाशी पोचला, तेव्हा त्याचे गुडघे केव्हाचे बोलायला लागले होते. सवाई माधवरावांच्या तोफखान्यात गोव्याकडचे किरिस्ताव गोलंदाज चाकरीला होते, म्हणून पुण्यात नागझरी ओढ्यापलीकडे गवताने शाकारलेली एक इगर्जी, किरिस्तावांचं प्रार्थनाघर, होती. आणि इगर्जी होती म्हणून गोव्याने याला इथे धाडलं होतं. लग्नं लावा, भांडणं मिटवा, मेलेले पुरा. सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं. आता त्याला फक्त आडवं व्हायचं होतं.

पेद्रू गोलंदाजाने खड्डा आधीच खणून ठेवला होता, कुंपणाच्या आत, आपल्या आईच्या थडग्याला लागून. पहाटे जन्मलेली त्याची लेक घटकाभर जगली होती. त्याची बायको रोझालिन, ओली बाळंतीण, कुणाचंही न ऐकता पोर मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. शेजारी सुईण मुक्ताबाई. कुंपणाबाहेर मुक्ताबाईचा दीर सर्जेराव. वाघोलीहून तोफखान्याच्या बैलांना गाडीभर कडबा घेऊन आलेला, भावजयीला परत न्यायला थांबलेला.

डोक्यावर पाणी घालून, पवित्र शब्द म्हणून बाप्तिस्मा झालेल्यालाच कुंपणाच्या आत जागा. न झालेल्याला बाहेर, बाभळीखाली, प्रार्थनेवाचून. म्हणून पुरण्याआधी पाद्रीने विचारायचं, अशी रीत होती.

"पाणी कुणी घातलं? शब्द कुणी म्हटले?"

"पाणी मुक्ताबाईनं घातलं," रोझालिन म्हणाली. "माझा हात उचलत नव्हता, पाद्रीबाबा. शब्द मी म्हटले. पवित्र शब्द तिच्या तोंडून कसे चालतील?"

"आनि म्या तरी कशी म्हनंन?" मुक्ताबाई म्हणाली. "आमच्यात वाळीत टाकत्यात."

कायतानने डोळे मिटले. इथेच तर घोडं पेंड खात होतं. पाणी आणि शब्द एकाच माणसाचे हवेत. दोघींनी वाटून घेतले की बाप्तिस्मा होतच नाही. दोघींनी आपापलं सोवळं सांभाळलं आणि पोर मधल्यामध्ये राहिलं.

थकलेल्या माणसाने तोंड मिटून बसावं. याने ते उघडलं.

"अगं, हिनं दोन्ही केलं असतं तरी चाललं असतं. मरत्या लेकराला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. हिंदू, मुसलमान, कुणीही."

रोझालिन रडली नाही. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. पेद्रूने कुदळ उचलली आणि तो बाभळीकडे चालू लागला. कायतानला आपल्या विद्येची किळस आली.

"थांबा वो," मुक्ताबाई म्हणाली. "म्या बी म्हनले व्हते. हिच्या बरुबर."

"आत्ताच नाही म्हणालीस ना?"

"दीर हुबा हाय नव्हं. भ्याले."

गाडीजवळ सर्जेरावाची मान झटकन वळली. "वैनी, काय बोलताय कळतंय का?"

"कळतंय."

"म्हणून दाखव," कायतान म्हणाला. हेही रीतीतलंच होतं.

मुक्ताबाईने पदर सावरला. "म्या तुला बाप्तिस्मा देते, बापाच्या, पुत्राच्या आनि इस्पिरिता सांताच्या नावानं." पवित्र आत्म्याच्या परक्या नावासकट एकही चूक नव्हती. कशी असेल? पहाटेपासून रोझालिन दुसरं काही बोललीच नव्हती. भिंतींनासुद्धा पाठ झालं असतं.

एक प्रश्न उरला होता: पाणी पडत असतानाच म्हटलंस का? तो त्याने आजवर कुणालाही चुकवू दिला नव्हता. मुक्ताबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. तिची मान आधीच खाली गेली होती.

"पेद्रू, मागे फिर," कायतान म्हणाला. "आतच पुरू."

माती लोटून झाल्यावर मुक्ताबाई गाडीपाशी गेली. घशाला कोरड पडली होती. तिने सवयीने पाण्याच्या मडक्याकडे हात केला. सर्जेरावाने मडकं उचललं, गाडीच्या पलीकडल्या अंगाला ठेवलं आणि बैल जुंपले. गाडी वाघोलीच्या वाटेला लागून दिसेनाशी झाली, तरी ती तिथेच उभी होती.

कायतान इगर्जीतून तांब्या भरून घेऊन आला. त्याला फार लाज वाटत होती. हे किरिस्तावाचं पाणी प्याली की जातीत परतीची वाट उरायची नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

तिने रिकाम्या वाटेकडे एकदा पाहिलं आणि ओंजळ पुढे केली.

"घाला," ती म्हणाली. "आता काय ऱ्हायलंय?"

तांब्या रिकामा होईपर्यंत तो नुसता ओतत राहिला.