तो ‘हं’ माझा होता

मी एक जुना, दोन्ही हातांत धरून खेळण्याचा व्हिडिओ गेम आहे, मित्रांनो. माझ्या पडद्याच्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे आणि उजवीकडचे बटण दाबले असता कुरकुरते. परंतु माझे काळीज अद्याप शाबूत आहे, आणि त्यात एक जुना हेवा आहे. आज तुम्हांस तोच सांगावयाचा आहे.

पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला एका लांबलचक टेबलावर जोडले. तदनंतर काही काळ मी दुकानातील काचेच्या कपाटात दिव्याखाली दिमाखाने उभा होतो. तेथून मला एका बाईंनी विकत घेतले. त्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत असत. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे. कामावर पाय मोडून ते घरी पडले होते. बाईंनी मला त्यांच्या हाती दिले व म्हणाल्या, “घे. आता तरी माझ्या डोक्याशी कटकट करू नकोस.”

म्हणजे मला या घरात त्यांनीच आणले. तरीही मी त्यांचा हेवा केला.

माझ्यात एक शिपाई आहे. तो उंच बुरूज चढत जातो. मालकांचे आयुष्य वर-खाली करण्यातच गेलेले असल्यामुळे हा खेळ त्यांस फार आवडला. “हा नसता तर मी वेडा झालो असतो,” असे ते येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत. तेव्हा माझा ऊर भरून येई. पाय बरा झाला, ते कामावर जाऊ लागले, तरी संध्याकाळी सोफ्यावर बसले की मी त्यांच्या हातात असेच.

पण शेजारी बाई असत. पाय पोटाशी घेऊन त्या वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवीत. त्यांचे कोपर मालकांच्या कोपराला टेकलेले असे. शिपाई ऐन कड्यावर लोंबकळत असताना त्या म्हणत, “ए लिफ्टवाल्या, एक शब्द सांग.” की मालकांनी मला थांबवलेच! शिपाई तसाच अधांतरी, आणि ही दोघे अक्षरे मोजत बसलेली. माझ्या अंगाचा नुसता जळफळाट होई.

एकदा बाई म्हणाल्या, “तीन अक्षरी. संसारात आलेली आगंतुक.”

“पाहुणी.”

“अंहं. मधलं अक्षर ‘व’ आहे.” मग माझ्याकडे पाहून त्या खुदकन हसल्या. “सवत! ही काय, तुझ्या मांडीवरच बसलीय की.”

मालक पोट धरून हसले. मित्रांनो, मी व्याकरणाने पुल्लिंगी आहे. तरीही तो शब्द माझ्या मनात घर करून बसला. सवत तर सवत, असे मी म्हटले. मग या घरात माझा हक्क पुरा हवा!

तशी संध्याकाळ लवकरच आली. बुरुजाच्या एका बंद दारापाशी मालक कित्येक दिवस अडकून पडले होते. बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवले व त्या जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “ऐकतोयस ना? मला दुसऱ्या शहरातल्या नव्या दुकानाची मुख्य करतायत. दोन वर्षं राहावं लागेल तिथं. जाऊ का?”

नेमके त्याच क्षणी दार उघडले. मालकांनी तृप्तपणे म्हटले, “हं.”

बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठून आत गेल्या. मालकांनी मला थांबवले नव्हते. त्या विजयाने मी अक्षरशः उजळून निघालो. तदनंतर बाईंनी शब्दही विचारणे सोडले, आणि मी मनोमन म्हणालो, जिंकलो.

पुढील आठवड्यात बाईंनी कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.

“काय चष्मेवाली, कुठे स्वारी?”

“पहिल्या तारखेला हजर व्हायचंय ना.”

“कुठे हजर?”

“विचारलं होतं मी तुला. तू ‘हं’ म्हणालास.”

“मी? तुला?”

“मग काय भिंतीला?”

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. “अगं, ते... ते दार उघडलं होतं याच्यातलं.”

बाई आधी हसल्या. मग त्यांना हसणे पुरे करता आले नाही. “मी दुसऱ्याच दिवशी हो कळवून बसले रे. खोलीसुद्धा ठरली.”

“तुला जायचंय?”

“जायचंय. पण तू जरा अडवायला हवं होतंस. निदान ‘का’ तरी म्हणायचंस.”

मालकांनी त्यांच्या हातातली घडी केलेली चादर घेतली व ती उगाचच पुन्हा उलगडली. त्या वेळी मला ओरडून सांगावेसे वाटले की बाई, तो ‘हं’ तुमचा नव्हताच. तो माझा होता, आणि तुम्ही तो नेलात! पण मला फक्त बटणे आहेत.

बाई गेल्या. आता मालक सोफ्यावर आपल्याच बाजूला बसतात आणि मला शेजारी, बाईंच्या जागेवर ठेवतात. जी जागा मी इतकी मागितली, ती अखेर मला मिळाली आहे. तेथे मी चार्ज होऊन पडून असतो. मालक टेलिफोन कानाला लावून तासन् तास बोलतात. बाईंच्या प्रत्येक वाक्यावर ते “का?” विचारतात, “मग?” विचारतात, “जेवलीस का?” विचारतात. ‘हं’ मात्र चुकूनही म्हणत नाहीत. आताशा मी त्या टेलिफोनचा हेवा करतो.

म्हणून मित्रांनो, एवढीच कळकळीची विनंती. आम्हांला जपा, पाण्यापासून दूर ठेवा, धूळ पुसत जा. परंतु खेळता खेळता शेजारच्या माणसाने काही विचारले, तर आम्हांस खुशाल थांबवा आणि मान वर करून पुरते उत्तर द्या. आम्ही जळफळू, रुसू, त्याची पर्वा करू नका. अधांतरी लोंबकळलेला आमचा शिपाई दुसऱ्या दिवशीही तेथेच असतो.