टाकीखालची माती

सकाळपासून रोलरची घरघर चालू होती आणि आम्ही बायका दुधाच्या कळश्या घेऊन कुंपणापाशी उभ्या होतो. दुधाची थंड टाकी त्या दिवशी यायची होती. उन्हाळ्यात आमचं दूध दुपारपर्यंत नासायचं, म्हणून सगळ्या घरांनी मिळून ती मागवली होती. जागा दिली होती थोरल्यानं, गोठ्याच्या शेजारची. तिथं खडीचा ओटा करायचा, त्यावर टाकी आणि मग वर पत्र्याची शेड. गाडीवाल्यानं आधीच बजावलं होतं, जागा तयार नसली तर टाकी पुढच्या गावाला जाईल. ते लोक तर वाटच बघत होते.

खडीचं काम त्याच्या धाकट्या भावाचं. आसपासच्या सगळ्या वाड्यांत शेडखालचे, ट्रॅक्टरखालचे ओटे त्यानंच केलेले. पण थोरला आणि धाकटा त्यांचे वडील, अप्पा, गेल्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरचं एक झाड तोडण्यावरून बिनसलं होतं. झाड कधीच जळून गेलं चुलीत, अबोला मात्र तसाच. दोघं एका अंगणात उभे असले तरी जे काही बोलायचं ते थोरल्याच्या बायकोमार्फत. आम्ही सगळ्या तिला वहिनीच म्हणतो. वहिनीसारखी गोड जीभ आमच्यात कुणाची नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याकडे नेताना ती वाटेतच त्याचे काटे काढून टाकायची. देवानंच तिला तो स्वभाव दिला, असं मी मनात म्हणायची.

काम ठरलं तेव्हा धाकट्यानं वहिनीजवळ निरोप दिला होता : काळी माती गुडघाभर खणून काढायची, खाली पिवळा कडक मुरूम लागेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर टाकी एका अंगावर बसेल. मग तो दुसऱ्या वाडीच्या कामावर गेला. त्याच्या गड्यानं खडी आणून टाकली, आणि खणायचं, खालचा थर पसरायचं काम थोरल्यानं स्वतः केलं. धाकटा रोलर घेऊन आला तेव्हा वर नुसती खडीच दिसत होती.

"मुरूम लागला ना?" त्यानं वहिनीला विचारलं होतं.

"खणलंय की भाऊजी, भरपूर खणलंय," वहिनी म्हणाली होती.

रात्री पाऊस पडून गेलेला. आभाळ अजून खाली लोंबत होतं. रोलर कोपऱ्यावर आला आणि धाकट्यानं तो एकाएकी बंद केला. इतका वेळ घरघर ऐकून कान बधिर झालेले, त्यामुळे ती शांतता अंगावर आली. तो खाली उतरला, वाकला. रोलरच्या चाकाखालून, खडीच्या फटीफटीतून काळा चिखल वर येत होता. कणीक मळताना बोटांतून पीठ वर येतं ना, तसा.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. टाकी दोरखंडांनी आवळलेली, त्या मळभातही चमकत होती. थोरला पुढं होऊन गाडीला मागं घ्यायला हात करू लागला.

"वहिनी," धाकटा म्हणाला. आवाज वाढवला नाही त्यानं, पण चेहरा उतरला होता. "त्यांना सांगा, गाडी आत घेऊ नका. खाली माती तशीच आहे. गाडी कलंडेल, आणि ते उभे आहेत तिकडंच कलंडेल."

थोरल्यानं ऐकलं होतं सगळं. चार पावलांवर तर होता. तरी तो वहिनीकडेच वळला. "त्याला सांग, त्याचं काम झालं. आता गाडी माझ्या अंगणात कशी घ्यायची ते मी बघतो."

गाडी मागं सरकू लागली. थोरला बरोबर त्या कोपऱ्यावर, चाकांच्या मागं उभा. आमच्यातल्या एकीनं डोळे मिटले. मी देवाचं नाव घेत होते, तेही अर्ध्यावर राहिलं.

वहिनी चालत गेली आणि गाडीच्या मागं, नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

"भाऊजी म्हणाले होते गुडघाभर खणा," ती नवऱ्याला म्हणाली, नेहमीच्याच हळू आवाजात. "मी तुम्हाला सांगितलं, वरची जरा खरवडून घ्या. मामंजींनी शेणखत घालून घालून केलेली माती ती. काढून टाका म्हटलं असतं तर तुम्ही पेटला असता. आणि त्यांनी मुरुमाचं विचारलं तेव्हा मी भरपूर खणलं म्हणून सांगितलं. दोघांचंही मीच अर्धं अर्धं केलं." मग तिनं पदर खोचला. "आता मी कुणाचं काही नेणार नाही. तुमचं तुम्ही बोला."

आणि ती गोठ्यात निघून गेली. जरा वेळानं बादलीत धार वाजू लागली.

दोन्ही भाऊ त्या काळ्या चिखलाकडे बघत उभे. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून विचारलं, टाकी उतरवायची आहे की पुढं जाऊ.

शेवटी थोरला खडीकडे बघतच म्हणाला, "किती खोल?"

"गुडघ्याएवढं."

"सगळा ओटा?"

"टाकीखालचा कोपरा, आणि चाकं येतात तेवढा पट्टा. हात लागले तर दिवस मावळायच्या आत होईल."

थोरल्यानं वाकून मूठभर चिखल उचलला. "आणि अप्पांची माती फेकून द्यायची?"

"फेकायची कोण म्हणालं?" धाकट्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुझ्या वांग्याच्या वाफ्यात टाक. सोनं आहे ते. खडीखाली पुरून काय करतोस?"

मग आमच्या कळश्या कुंपणाला लागल्या आणि हातात घमेली आली. ड्रायव्हर आधी कुरकुरला. एकीनं त्याला बजावलं की गाडीसमोर आम्ही इतक्या बायका बसलो तर तुझं पुढचं गाव कसं गाठशील ते बघ. तो हसला, गाडीखाली आडवा झाला. खडी बाजूला ओढली, माती निघाली, पिवळा मुरूम लागला तेव्हा धाकट्यानं पहार आपटून दाखवली : ठण्ण आवाज आला. थर टाकायचा, रोलर फिरवायचा, पुन्हा थर. एक सर येऊन गेली, कुणी थांबलं नाही. दिवस बुडता बुडता टाकी उतरली. थोरल्यानं परातीत पाणी घेऊन टाकीच्या झाकणावर ठेवलं. पाणी कुठंच कललं नाही.

आता भाऊ बोलतात. म्हणजे भांडतात. टाकी कुणी धुवायची यावरून पहाटेच सुरू होतात, आवाज पार आमच्या घरात येतो. परवा मी दूध घालायला गेले, तर दोघं ओट्यावर हातवारे करत होते आणि वहिनी शांतपणे गाईला पाणी दाखवत होती.

"काय म्हणतायत हो दोघं?" मी विचारलं.

"मला काय विचारता?" वहिनी म्हणाली. "ते काय, तिथं उभे आहेत."